संक्षिप्त आवृत्तीचे श्रोते

मराठीच्या प्राध्यापकाने घरच्या इंटरनेट जोडणीवर लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची जुनी प्रत प्रसिद्ध केली, तेव्हापासून पाठभेदांवर हिरिरीने भांडणारे आपण कानावर पडणाऱ्या संहितेबाबत इतके बेफिकीर का, हा प्रश्न आपल्याच कक्षेतला आहे.

आधी हिशेब. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, आणि वाहिन्या दोन. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, १.४ एमबीपीएस. एकही बिट न गमावणाऱ्या फ्लॅक पद्धतीने हे ओझे आणखी हलके होते. २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झचा ध्वनी न आवळता पाठवला तरी सव्वानऊ एमबीपीएस पुरतात. मग ‘उत्तम संगीत हवे तर तीनशेचा प्लॅन घ्या’ हा सल्ला कशाच्या आधारावर दिला जातो? ही गरज नव्हे, विक्री आहे. महागड्या नेटवर्क-केबलने स्वर ‘उजळतो’ हीही तशीच भोंदूगिरी. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जाते, आणि पोचतात ते तेच बिट.

खरा प्रश्न वेगाचा नाही, सातत्याचा आहे. माहूरसारख्या डोंगर-जंगलाच्या गावात मोबाइलचा सिग्नल टेकडीआड क्षीण होतो. अशा वेळी अनेक संगीतसेवांची ‘ऑटोमॅटिक’ निवड गुपचूप खालच्या दर्जाची प्रत पुढे करते. गाणे थांबत नाही, म्हणून तक्रारही होत नाही. वरच्या पट्टीतील सूक्ष्म नाद गळतात, आघाताची धार बोथट होते. रेणुकेच्या गोंधळातील संबळाचा ठोका आणि झांजेची किणकिण हे त्याचे पहिले बळी. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ असे न छापता कुणी आपल्या हाती संक्षिप्त आवृत्ती दिली असती, तर आपण गप्प बसलो असतो का?

यावर आक्षेप असा की, ३२० केबीपीएस आणि मूळ ध्वनी यांतला फरक बहुतेकांच्या कानाला कळत नाही. मान्य. पण दुर्बळ जोडणीवर मिळणारी प्रत पुष्कळदा त्याहून बरीच खालची असते, आणि ऐकणाऱ्याला ते सांगितले जात नाही. शिवाय ‘खेड्यातल्या माणसाला एवढे काय कळते’ हे गृहीतक त्या आक्षेपाच्या तळाशी दडलेले असते. गोंधळाची परंपरा जपणाऱ्या मराठवाड्याच्या कानांना हे कुणी शिकवू नये.

म्हणून निवड करताना आकड्यांना भुलू नये. फायबर दारापर्यंत पोचले असेल, तर त्याचा सर्वांत लहान प्लॅनही पुरेसा आहे. दूरसंचार विभागाने २०२३ साली ब्रॉडबँडसाठी ठरवलेली किमान मर्यादाच २ एमबीपीएस आहे. राउटरपासून वाद्ययंत्रणेपर्यंत साधी तार ओढावी. जाड भिंतींतून वायफाय अडखळते. वीज गेली तरी राउटर चालावा म्हणून छोटी बॅटरी ठेवावी. फायबर नसेल, तर रात्री, गर्दी ओसरल्यावर, पूर्ण दर्जाची प्रत उतरवून घ्यावी. आणि सर्वांत आधी ती ‘ऑटोमॅटिक’ निवड बंद करावी.

त्यानंतर गाणे मध्येच अडखळेलही. अडखळू द्यावे. गाळलेली ओळ दिसत नाही. फाटलेले पान निदान दिसते, आणि जे दिसते त्याबद्दलच भांडता येते.