'आय विश' नंतर कर्ता कोण?

इंग्रजीच्या क्लासमध्ये 'आय विश' शिकवताना फळ्यावर हमखास येणारं वाक्य म्हणजे 'आय विश आय हॅड स्टडीड हार्डर.' मी अजून अभ्यास केला असता तर! समाजशास्त्रात पीएचडी करता करता मी घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते, आणि या वाक्याला माझा विरोध आहे. व्याकरण बरोबर आहे, आरोपी चुकीचा आहे.

रचना नीट पाहा. 'विश'नंतर 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप: जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, त्याची खंत. पण इथे कर्त्याच्या जागा दोन आहेत. खंत करणारा 'आय' असला म्हणून चुकणाराही 'आय'च असावा, असा नियम नाही. 'आय विश द स्कॉलरशिप हॅड कम ऑन टाइम' हेही तितकंच शुद्ध इंग्रजी आहे. ते फळ्यावर का येत नाही? कारण वंचितांचं अपयश त्यांच्याच माथी मारण्यावर 'मेरिट'चं दुकान चालतं.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर झाला. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाणी मात्र मिळालं नाही. यात 'मी' कुठे कमी पडले? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले.

शिक्षकांनो, उद्या फळ्यावर लिहा: 'आय विश दे हॅड ओपन्ड द टँक.' आणि वर्गाला विचारा, यातले 'दे' कोण?