दुकाने जळाली, पासपोर्ट विकणारे सुटले

१६ नोव्हेंबर २००६ रोजी टोंगा या देशाच्या राजधानीत, नुकुअलोफा शहरात, जमाव रस्त्यावर उतरला आणि संध्याकाळपर्यंत शहराच्या व्यापारी भागाची राखरांगोळी झाली. जळालेल्या इमारतींतून आठ मृतदेह निघाले. सुमारे तीस दुकाने चिनी माणसांची होती, आणि चीन सरकारला विमान पाठवून आपले सुमारे २०० नागरिक मायदेशी न्यावे लागले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी दोन दिवस बातमी दिली, "चिनी विरोधी दंगल" असे शीर्षक दिले आणि विषय संपवला. आमच्या मते विषय तिथेच सुरू होतो. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस परका दिसला की त्याच्यावर राग काढणे सोपे असते. त्याला तिथे कुणी बसवले, कोणत्या कागदावर बसवले आणि त्या कागदाचे पैसे कुणी घेतले, हे विचारणे अवघड असते. टोंगात हा अवघड प्रश्न विचारणारी माणसे होती. त्यांच्या प्रश्नाचे काय झाले, हे चळवळीतल्या वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे.

टोंगा म्हणजे न्यूझीलंडच्या ईशान्येला पॅसिफिक महासागरात विखुरलेली सुमारे १७० बेटे. लोकसंख्या एक लाखाच्या आसपास, त्यातली बहुसंख्य टोंगाटापू या एकाच बेटावर. पॉलिनेशियातले हे एकमेव राज्य आहे जिथे आजही देशी राजा गादीवर आहे. १९०० ते १९७० इंग्रजांचे संरक्षण होते, पण रीतसर वसाहत कधीच झाली नाही. याचा टोंगन माणसाला सार्थ अभिमान आहे. मात्र गोरा साहेब नव्हता म्हणजे सरंजामशाही नव्हती असे नाही. राजा, त्याच्याखाली ३३ सरदारी पदव्या आणि त्याखाली सामान्य रयत, अशी ही उतरंड आहे. २०१० सालापर्यंत संसदेत त्या ३३ सरदारांचे ९ प्रतिनिधी आणि उरलेल्या सगळ्या जनतेचेही ९ प्रतिनिधी! बाकी मंत्रिमंडळ राजाने नेमलेले. बेरीज-वजाबाकी वाचकांनीच करावी.

टोंगन भाषेत दुकानाला 'फाले कोलोआ' म्हणतात. फाले म्हणजे घर, आणि कोलोआ म्हणजे माल, संपत्ती. पण कोलोआ हा शब्द मुळात बायकांनी विणलेल्या बारीक चटयांना आणि झाडाच्या सालीपासून कुटून केलेल्या तापा कापडाला वापरतात. लग्न, मयत, राज्याभिषेक, सगळीकडे ही कोलोआ दिली-घेतली जाते. संपत्ती म्हणजे वाटायची वस्तू, असा त्या शब्दाचा जुना अर्थ. आज त्याच शब्दाचे घर लोखंडी जाळी लावून उभे असते. जाळीला एक छोटी खिडकी, तिच्यातून पैसे आत जातात आणि माल बाहेर येतो. साखरेची छोटी पुडी, सुट्टी सिगारेट, पावाची लादी, डबाबंद गोमांस, न्यूझीलंडहून आलेले मेंढीच्या बरगडीखालचे चरबीचे मांस. पहाटे उघडते, रात्री उशिरा बंद होते. फक्त रविवारी बंद, कारण टोंगाच्या घटनेतच रविवार पवित्र ठरवून व्यापाराला मनाई केलेली आहे. १९८२ सालच्या चक्रीवादळानंतर अन्नाच्या टंचाईमुळे बेकऱ्यांना रविवारची सूट मिळाली होती. २०१६ साली तीही काढून घेण्यात आली.

या दुकानांत चिनी माणूस केव्हा आला आणि टोंगन माणूस केव्हा बाहेर पडला? २००१ साली वर्तमानपत्रांतून जो अंदाज छापला जात होता तो असा की किरकोळ व्यापाराचा सत्तर टक्के भाग चिनी स्थलांतरितांच्या हाती गेला आहे. म्हणजे वीस वर्षांच्या आत हे घडले. याची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. चिनी कष्टाळू आहेत आणि टोंगन आळशी आहेत! हे "आळशी" प्रकरण आमच्या परिचयाचे आहे. ज्याच्याकडून काही हिसकावून घेतले त्याला आधी आळशी ठरवायचे, ही जगातल्या सर्व प्रस्थापितांची जुनी रीत आहे.

खरे कारण उधारीच्या वहीत आहे. टोंगन गावात प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ, मामा, सासरा असतो. नातलगाने मागितले की द्यायचे, हे तिथे कर्तव्य आहे. त्यावर चर्चच्या वार्षिक देणगीचा दिवस येतो. कोणत्या घराने किती दिले ते सर्वांसमोर वाचून दाखवतात, मग दुकानदाराने सर्वांत जास्त द्यावे अशी अपेक्षा. मयत आले की दुकानातल्या मालावर पहिला हक्क नातलगांचा. असे दुकान वर्ष-दोन वर्षांत बसते. त्यात आळस कुठे आला? ज्याने उधारी नाकारली तो गावात राहू शकत नाही, आणि ज्याने दिली तो धंद्यात राहू शकत नाही. फुजियान प्रांतातून आलेला माणूस मात्र कुणाचाच मामा नाही. तो दुकानाच्या मागच्या खोलीत झोपतो, घरचीच माणसे राबवतो, ओळखीतल्या दुकानदारांबरोबर मिळून ठोक माल उचलतो, आणि "उधार नाही" म्हणताना त्याला कुणाच्या मयताला तोंड दाखवायचे नसते. त्याची ताकद भांडवलात जेवढी आहे तेवढीच त्याच्या परकेपणात आहे. आणि दंगलीच्या दिवशी नेमका तोच परकेपणा त्याच्या मुळावर आला.

उधारीचे हे जाळे मात्र चिनी माणसाने विणलेले नाही. १८७० च्या दशकात शर्ली बेकर नावाच्या मिशनऱ्याने चर्चच्या देणगीसाठी एक युक्ती काढली. हॅम्बुर्गच्या गोडेफ्रॉय या जर्मन व्यापारी पेढीने टोंगन माणसांना देणगीपुरते रोख पैसे आगाऊ द्यायचे, लोकांनी ते चर्चच्या थाळीत टाकायचे, आणि मग खोबऱ्याच्या रूपाने पेढीचे कर्ज फेडायचे. देवाच्या नावाने घेतलेले हे कर्ज, आणि वसुलीला व्यापारी! चर्चची देणगी फुगली, पेढीला खोबरे मिळाले आणि रयत कर्जात बुडाली. हाच बेकर पुढे १८८० साली राज्याचा पंतप्रधान झाला. धर्म, सत्ता आणि सावकारी एका खुर्चीवर बसली की काय होते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

याला टोंगन माणसाने उत्तरही दिले होते. १९०९ साली 'टोंगा मआ टोंगा काउताहा', म्हणजे 'टोंगा टोंगनांसाठी' या नावाची सहकारी कंपनी उभी राहिली. तिचा चालक अॅलिस्टर कॅमेरॉन हा गोरा होता, पण सभासद टोंगन शेतकरी होते. मधल्या व्यापाऱ्याला वगळून सभासदांचे खोबरे विकायचे आणि त्यांना लागणारा माल स्वस्तात आणून द्यायचा, असा साधा हिशेब होता. लोक झुंडीने सामील झाले. साहजिकच युरोपियन व्यापाऱ्यांच्या पोटात दुखू लागले, ब्रिटिश प्रतिनिधीने त्यांची बाजू घेतली, आणि १९१० साली सरकारी कारवाईने कंपनीचे काम बंद पाडण्यात आले. टोंगन माणसाला धंदा जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. त्याला धंदा जमू लागला तेव्हा दुकानाला टाळे त्याच्याच सरकारने लावले.

आता पासपोर्टच्या भानगडीकडे येऊ. १९८० च्या दशकात राजा चौथा तुपोऊ याच्या सरकारने टोंगाचे पासपोर्ट परदेशी लोकांना विकायला काढले. हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार या भीतीने घाबरलेले तिथले पैसेवाले हे मुख्य गिऱ्हाईक. फिलिपिन्सच्या हुकूमशहाची बायको इमेल्डा मार्कोस हीसुद्धा गिऱ्हाईक! अकिलिसी पोहिवा या शिक्षकी पेशातून आलेल्या लोकप्रतिनिधीने या विक्रीला न्यायालयात आव्हान दिले. परक्यांना असे नागरिकत्व देणे घटनेत बसत नाही, हा त्याचा मुद्दा होता. सरकारने काय करावे? फेब्रुवारी १९९१ मध्ये संसदेचे तातडीचे अधिवेशन बोलावून घटनाच बदलली आणि ४२६ जणांचे नागरिकत्व मागील तारखेने कायदेशीर करून टाकले. वकिली व्यवसायात असल्यामुळे आम्ही हे मुद्दाम नोंदवतो. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना, निकाल विरोधात जाण्याची भीती दिसताच, नियमच बदलण्याचा हा प्रकार आहे. मार्च महिन्यात हजारो लोकांनी मोर्चा काढला, त्यात चर्चचे बिशपही होते. फरक काही पडला नाही.

आणि विक्रीचे पैसे? सुमारे २ कोटी ६० लाख अमेरिकी डॉलर परदेशी बँकेत ठेवले होते. त्या बँकेतल्याच एका अमेरिकन सल्लागाराला राजाने १९९९ साली चक्क फर्मान काढून दरबारी विदूषक नेमले. हा विनोद नाही, सरकारी दस्तऐवज आहे. विदूषकाने पैसे मरणासन्न माणसांच्या विमा पॉलिसी विकत घेण्याच्या धंद्यात गुंतवले, आणि २००१ पर्यंत बहुतेक रक्कम बुडाली. जनतेचे नागरिकत्व विकून आलेला पैसा जनतेच्या एकाही दुकानात भांडवल म्हणून आला नाही.

पासपोर्ट घेणारे पैसेवाले बहुतेक टोंगात राहायला आलेच नाहीत. जाळीमागे बसले ते नंतर आलेले साधे लोक. त्यांच्याविरुद्ध हल्ले वाढले तेव्हा सरकारने २००१ साली सुमारे ६०० चिनी दुकानदारांचे परवाने वाढवून न देण्याचा निर्णय जाहीर केला. मार खाणाऱ्यालाच हद्दपार करण्याचा हा न्याय! परवाना देताना फी घेणारे कार्यालय आणि रद्द करताना जनतेची बाजू घेणारे कार्यालय एकच होते.

काही वाचक म्हणतील, किरकोळ धंदा कायद्यानेच देशी माणसासाठी राखून ठेवावा. तेही झालेले आहे. टोंगात तशी राखीव यादी आहे, शेजारच्या सामोआतही किरकोळ विक्री, टॅक्सी, बस हे धंदे सामोअन नागरिकांसाठी राखीव आहेत. पण राखीव धंद्याला लागणारे भांडवल कुठून आणायचे, हे कोणत्याही यादीत लिहिलेले नाही. मग परवाना टोंगन माणसाच्या नावावर निघतो, दुकान दुसराच चालवतो, आणि नाव देणाऱ्याला महिन्याचे ठरावीक पैसे मिळतात. आमच्याकडे राखीव कोट्यातल्या गॅस एजन्सीचे काय होते ते आठवावे. नाव आमच्या माणसाचे, भांडवल दुसऱ्याचे, आणि गल्लाही दुसऱ्याचाच. बेनामी व्यवहाराला भाषेची अडचण नसते.

जमिनीचेही तसेच. १८७५ च्या घटनेने जमीन विकण्यास बंदी केली, हे त्या काळी फार मोठे काम होते. म्हणूनच टोंगाची जमीन गोऱ्यांच्या घशात गेली नाही. प्रत्येक पुरुषाला सव्वाआठ एकराचा तुकडा मिळण्याचा हक्क कायद्यात आला. स्त्रीला मात्र स्वतःच्या हक्काने तो तुकडा नाही. आणि पुरुषालासुद्धा तो सरदाराच्या किंवा राजाच्या जहागिरीतून मिळवावा लागतो, लोकसंख्या वाढल्यावर हजारोंना मिळालाच नाही. आज देशात जेवढे टोंगन आहेत त्याहून अधिक न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत राबतात. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर घरे चालतात, आणि तो पैसा शेवटी त्याच जाळीच्या खिडकीतून आत जातो. ज्याच्याकडे रस्त्यालगत जागा आहे तो चिनी दुकानदाराला ती भाड्याने देतो. म्हणजे दुकान जळते तेव्हा भाडे घेणाऱ्या टोंगन घराचाही रोजगार जळतो.

२००६ चा उद्रेक या सगळ्याच्या टोकाला झाला. आदल्या वर्षी, जुलै ते सप्टेंबर २००५, सरकारी नोकरांनी सहा आठवडे संप केला होता. सप्टेंबर २००६ मध्ये वृद्ध राजा वारला. नोव्हेंबरमध्ये संसद लोकशाही सुधारणांवर मतदान न करताच वर्षाचे कामकाज गुंडाळणार असे दिसताच जमाव भडकला. हल्ला फक्त चिनी दुकानांवर झाला असे म्हणणे चूक आहे. नव्या राजाशी संबंधित वीज कंपनीची इमारत जळाली, पंतप्रधान सेवेले यांच्या कुटुंबाचे मोठे दुकान जळाले. लोकांना खरा धनी कोण हे ठाऊक होते. पण आग लावणारा हात पुढची जाळी पाहून थांबत नाही, आणि ज्याच्या मागे ना सरदार ना गाव, तो सर्वांत स्वस्त बळी ठरला. लोकशाहीच्या मागणीचा मोर्चा गरीब परक्याच्या दुकानावर वळला, यात चळवळीचे नुकसान झाले असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यानंतर आणीबाणीचा अंमल वारंवार वाढवण्यात आला, तो चार वर्षांहून अधिक काळ. सुधारणा आल्या त्या २०१० साली, १७ जागा जनतेला आणि ९ सरदारांना.

शहर पुन्हा बांधायला पैसे कुठून आणले? चीनच्या एक्झिम बँकेकडून. त्यातला बराचसा पैसा खासगी व्यावसायिकांना इमारती उभारण्यासाठी पुढे कर्जाऊ देण्यात आला, आणि परतफेडीची जबाबदारी मात्र देशावर राहिली. देशाच्या परदेशी कर्जापैकी सुमारे दोन-तृतीयांश कर्ज या एकाच बँकेचे झाले. पासपोर्ट प्रकरणात न्यायालयात गेलेला पोहिवा २०१४ च्या अखेरीस पंतप्रधान झाला, आणि हे कर्ज त्याच्या टेबलावर आले. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने पॅसिफिकमधल्या देशांनी एकत्र येऊन चीनकडे कर्जमाफी मागावी असे म्हटले आणि काही दिवसांतच ते विधान मागे घेतले. नोव्हेंबरमध्ये टोंगाने चीनच्या 'बेल्ट अँड रोड' योजनेवर सही केली आणि परतफेडीला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. पोहिवा सप्टेंबर २०१९ मध्ये वारला. ती मुदत आता संपली आहे. हप्ते सरकारी तिजोरीतून जायचे आहेत, आणि त्या तिजोरीत २००५ पासून पंधरा टक्के उपभोग कर जमा होतो. तो माल बंदरात उतरतानाच लागतो, साखरेच्या पोत्यावर आणि डबाबंद गोमांसाच्या खोक्यावर, दुकान मग कुणाचेही असो.