पुनर्मुद्रित स्वरांची परीक्षा

जुन्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका नव्याने निघाल्या की त्यांचे केवळ कृतज्ञतेने स्वागत करावे, परीक्षा करण्याचे औद्धत्य करू नये, असे म्हणणारा एक सात्त्विक पक्ष आपल्या रसिकांत आहे. आणि तीन मिनिटांच्या त्या खरखरीत गायकी कसली सापडणार, तेव्हा परीक्षा करायची तरी कशाची, असे विचारणारा दुसरा, स्वतःस आधुनिक समजणारा पक्षही आहे. वरकरणी हे पक्ष परस्परांचे प्रतिवादी दिसतात. परंतु तबकडी कान देऊन ऐकण्याचे श्रम दोघांनाही नको असतात, एवढ्या बाबतीत त्यांचे पूर्ण ऐकमत्य आहे.

रामकृष्णबुवा वझे यांचेच उदाहरण घेऊ. जुन्या सावंतवाडी संस्थानात जन्मलेले, मालवणात बळवंतराव पोहरे आणि विठोबाअण्णा हडप यांच्यापाशी आरंभीची तालीम घेतलेले, आणि पुढे ग्वाल्हेरीस निसार हुसेन खाँसाहेबांची विद्या कष्टाने मिळविलेले बुवा आमच्या सिंधुदुर्गाचे भूषण होत, हे निर्विवाद. (त्यांच्या नावाचा अभिमान आमच्याकडे जितका मिरवला जातो, तितके त्यांचे गाणे ऐकले जात नाही, हेही निर्विवादच.) दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत, हे खरे, पण ज्या ग्वाल्हेर परंपरेत रागाचे स्वरूप बंदिशीच्या अस्ताई-अंतऱ्यातच साठवलेले मानतात, तिच्या गवयास हा संकोच इतरांइतका जाचक नव्हता. बुवांचा तिलककामोद ऐकावा: पसरट आलापीस तेथे वावच नसताना, बंदिशीच्या पहिल्या आवर्तनातच राग उभा राहतो आणि त्या काहीशा राकट, जोरकस गळ्यातून निघालेल्या ताना त्यास कोठेही ढळू देत नाहीत. हा मैफलीचा तुकडा नव्हे. तबकडीची मर्यादा ओळखून केलेली ही स्वतंत्र रचना आहे, आणि तिचे गुणदोषही स्वतंत्रपणेच सांगितले पाहिजेत.

आता सात्त्विक पक्षाकडे वळू. पुनर्मुद्रणात आपल्या कानी येतो तो केवळ बुवांचा आवाज नसतो. यंत्रज्ञाचा हातही त्याबरोबर येतो. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड मिसळलेली असल्याने खरखर तिच्या अंगचीच असते, आणि आमच्या दमट, खाऱ्या हवेत खाचांत धरलेली बुरशी तीत भर घालते. ती खरखर समूळ नाहीशी करण्याच्या अट्टाहासात वरच्या पट्टीतील सूक्ष्म नाद, व्यंजनांची धार आणि तंबोऱ्याची झणकार हीही बेदखल होतात. वज्रलेपाचा थर जाड झाला म्हणजे मूर्ती गुळगुळीत दिसते, पण नाकडोळे राहत नाहीत. गतीचा प्रश्न याहून गंभीर. लेबलावर 78 फेरे छापलेले असले, तरी प्रारंभीच्या काळात मुद्रण नेहमी त्याच गतीने होत असे असे नाही. आणि मिनिटाला सुमारे साडेचार फेऱ्यांचा फरक पडला, की काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. सर्वच स्वर सारखे चढत असल्यामुळे राग शाबूत राहतो, म्हणून श्रोत्यास संशय येत नाही. परंतु लय चढते, आवाजाचे वजन घटते, आणि बुवांचा म्हणून कोणी भलताच गळा आपण शिष्यांस दाखवू लागतो. अशा फेरफाराकडे डोळेझाक करणे ही भक्ती असेल. गुणग्राहकता खचित नव्हे.

नव्या मुद्रणांना मात्र याच कसोटीतून सूट का द्यावी? तास तास चालणाऱ्या ख्यालात वेळ मुबलक असतो, आणि अनेकदा तोच गवयाचा घात करतो. शिवाय जोडकाम करून बेसूर जागा काढून टाकण्याची सोय जेथे आहे, तेथे निर्दोषपणाचे श्रेय कोणाच्या पदरी घालावे, हे परीक्षकाने विचारलेच पाहिजे.

म्हणून आमचा आग्रह असा, की मूळ तबकडी कोणती, ती कोणत्या गतीने वाजविली आणि आवाजावर कोणते संस्कार केले, याची नोंद प्रत्येक पुनर्मुद्रणाच्या वेष्टनावर असावी. जेथे ती नसेल, तेथे गवयास त्याचे पूर्ण श्रेय देऊनही प्रकाशकास आम्ही नापास करू, आणि तसे स्पष्ट लिहू.