३०३ची पुंगळी ३१५ला चालत नाही




लष्करी बोअर म्हणून ३०३ रायफल सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे बरोबर. पण ‘३०३ची रिकामी पुंगळी कापली की ३१५ची होते’ हे व्हर्नियरपुढे टिकत नाही. ३१५ म्हणजे मुळात जुने ऑस्ट्रियन ८×५० मानलिशर काडतूस. त्याच्या पुंगळीच्या बुडाचा व्यास सुमारे १२.५ मिमी, ३०३चा ११.७. हे पाऊण मिलिमीटर किरकोळ वाटते खरे. पण बार उडाला की पितळ तेवढे फुगते आणि कडेच्या किंचित वर चिरते. मग तापलेला वायू मागे, थेट नेमबाजाच्या तोंडाकडे!

अमेरिकेतले हौशी लोक या काडतुसासाठी रशियन ७.६२×५४ची पुंगळी घेतात, कारण तिचे बूड जवळपास तेवढेच जाड. मान रुंद करायची, लांबी छाटायची. तिकडे चालते, इथे शस्त्र अधिनियम १९५९नुसार परवान्याविना काडतूस बनवणे गुन्हा आहे. शिवाय ‘केएफ’ शिक्क्याचे, खडकीचे ३१५ काडतूस असताना हा उपद्व्याप हवाच कशाला? ते महाग पडते, ही त्या पत्रलेखकांची तक्रार मात्र रास्त.

– एक परवानाधारक, पुणे