हे औषध आमच्याच रानातले होते!

मुंबई-गोवा महामार्गावरील सावर्डे हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : कात आणि शिक्षण. येथे खैराचा तांबडा गाभा तासून, त्याचे तुकडे पाण्यात उकळून, तो काढा आटवून आणि थंड करून त्याचा कात पाडणारे कारखाने आहेत. आणि येथेच सह्याद्री शिक्षण संस्थेचे औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे, जेथे कोकणातील शेतकऱ्यांची मुलेमुली वनस्पतींतील रसायने पारखण्याची विद्या शिकतात. चिपळूण ओलांडून उत्तरेला गेले की लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत कृत्रिम रसायने तयार होतात. आणि गावाशेजारी डेरवणच्या रुग्णालयात कर्करोगाने पोखरलेली माणसे उपचारांसाठी येतात. वनस्पती, रसायनविद्या, विद्यार्थी आणि रुग्ण हे चारही जेथे काही कोसांच्या आत नांदतात, तेथून जगाला नवे औषध मिळावे अशी अपेक्षा करणे गैर आहे काय? ती अपेक्षासुद्धा या राज्याच्या कर्त्याधर्त्यांनी कधी केलेली नाही.

सह्याद्रीच्या रानात नरक्या नावाचे झाड वाढते. त्याच्या लाकडात कॅम्पटोथेसिन हे द्रव्य असते, जे पेशीविभाजनासाठी अनिवार्य असलेल्या एका विकराला जखडून कर्कपेशींचा नाश करते. हे द्रव्य प्रथम १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून वेगळे काढले गेले. मन्रो वॉल यांच्या बरोबरीने ते काढणारे डॉ. मनसुख वाणी हे नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील डॉ. टी. आर. गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे सिद्ध केले. म्हणजे शोधकांत महाराष्ट्राचा पुत्र होता, झाड महाराष्ट्राच्या डोंगरात होते, ते ओळखणारी प्रयोगशाळा महाराष्ट्राच्या राजधानीत होती. मूळ द्रव्य पाण्यात नीट विरघळेना आणि रुग्णांना सोसवेना, तेव्हा त्याच्या रेणूत चिकाटीने फेरफार करून त्यातून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे घडवली ती अमेरिकेने आणि जपानने. आम्ही काय केले? आम्ही नरक्या तोडू दिला. चोरट्यांनी त्याच्या लाकडाचे तुकडे पोत्यांत भरून डोंगराखाली नेले, आणि ज्या वृक्षाची लागवड व अभ्यास व्हायला हवा होता तो वनखात्याच्या पंचनाम्यात जप्त मुद्देमाल म्हणून उरला!

हे एकदाच घडले असते तर दुर्दैव म्हणून गिळले असते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत सर्पगंधेचे रक्तदाबावरील गुण रुग्णांवर पारखून १९४९ साली जगापुढे मांडले. त्या मुळीतील रिसर्पिन १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळे निघाले. ज्या कोलियस वनस्पतीच्या मुळांचे लोणचे घालतात, तिच्यातून मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्राने फोर्स्कोलिन काढले. त्यावर रासायनिक संस्कार करून हृदयविकाराचे औषध बनवले ते जपानने. तीन वनस्पती, तीन शोध, आणि तिन्ही वेळा शेवटचे पाऊल परक्यांचे. याला दुर्दैव म्हणत नाहीत. याला नाकर्तेपणा म्हणतात.

आणि या नाकर्तेपणावर पांघरूण कशाचे, तर पूर्वजांच्या थोरवीचे! हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून १९९७ साली रद्द करविले, तो विजय निःसंशय मोठा होता. पण चोराच्या हातून ठेवा सोडवून आणल्यावर तो वापरायचा कोणी? चीनने १९६७ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम उघडली. त्या मोहिमेतील तू यूयू यांनी प्राचीन ग्रंथातील एका वनस्पतीची नोंद वाचून ओळखले की उकळल्याने त्या वनस्पतीचा गुण मरत असावा. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरने अर्क काढला, त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले, आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथांचा सन्मान असा करतात. आमच्या व्यासपीठांवरून चरक-सुश्रुतांची नावे रोज गर्जतात, आणि तोच देश संशोधनावर आपल्या उत्पन्नाचा शेकडा एक भागही खर्च करीत नाही!

राज्यभरातील औषधनिर्माण महाविद्यालयांत दरवर्षी असंख्य विद्यार्थी सॉक्सलेट यंत्रात पाने-साली घालून अर्क काढतात, पातळ थरावरचे डाग मोजतात, प्रबंध बांधतात, पदवी घेतात. पुढचा टप्पा तेथेच खुंटतो. शुद्ध द्रव्य वेगळे करणे, त्याची रचना ठरवणे, त्यात बदल करणे, मग प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर तपासणे, हे दहा-पंधरा वर्षांचे आणि अफाट खर्चाचे काम एकट्या महाविद्यालयाचे नव्हे, हे शासनाला ठाऊक नाही काय? लोट्याच्या कारखानदारीने दाभोळ खाडीतील मच्छीमारांचे जाळे रिकामे केले. त्या नफ्यातील चार दाणे तरी कोकणच्या प्रयोगशाळेत पडू नयेत? पिढ्यान्‌पिढ्या ज्या कातकऱ्यांनी खैर ओळखला, कात पाडला, त्यांना २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभाचा वाटा कबूल केला आहे. तो वाटा द्यायला आधी लाभ निर्माण व्हावा लागतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या जैवविविधतेच्या नोंदवह्या ग्रामपंचायतींच्या कपाटांत धूळ खात आहेत!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. येत्या अर्थसंकल्पात सावर्डे-चिपळूण परिसरात औषधद्रव्य संशोधन केंद्रासाठी स्वतंत्र तरतूद करा आणि ती किमान पंधरा वर्षे टिकेल असे बंधन कायद्याने घाला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे नरक्या आणि सर्पगंधेची लागवड सोपवा, लोट्याच्या कारखान्यांतील रसायनतज्ज्ञांना या कामात सामील करून घ्या, विद्यार्थ्यांनी काढलेला प्रत्येक अर्क क्रमांक घालून एका ठिकाणी जपा, आणि पहिली बाटली भरण्यापूर्वी कातकरी वाड्यांशी लाभाचा करार लेखी करा. कोकणातून निवडून गेलेल्या प्रत्येक आमदाराने विधानसभेत उठून सांगावे, या मागणीला त्याचा पाठिंबा आहे की विरोध. मौन हा विरोधच समजला जाईल.