कोच आणि वजनकाटा

आपल्या घरांतल्या मुली आता मैदानावर दिसू लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मुलीला खेळायला पाठवताना आपण पोशाखाचा विचार करतो, येण्याजाण्याची वेळ पाहतो, सोबत कोण आहे याची चौकशी करतो. कोच तिच्या जेवणाबद्दल आणि वजनाबद्दल काय बोलतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न किती गंभीर आहे, ते मेरी केन या अमेरिकी धावपटूच्या हकिगतीवरून कळते. 2013 साली, अवघ्या सतराव्या वर्षी, ती मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत 1500 मीटरच्या अंतिम फेरीत धावली. अल्बर्टो सालाझार या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली, नाइकी कंपनीच्या ओरेगॉन प्रोजेक्ट या पथकात ती सराव करत होती. नोव्हेंबर 2019 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने प्रसिद्ध केलेल्या व्हिडिओत तिने सांगितले की, वजन 114 पौंडांवर, म्हणजे साधारण 52 किलोंवर आणण्याचा तिच्यामागे सतत लकडा असे. सहकाऱ्यांसमोर तिचे वजन केले जाई आणि सर्वांदेखत पाणउतारा होई. तीन वर्षे तिची मासिक पाळी बंद होती, पाच हाडे मोडली, जीव देण्याचे विचार मनात येऊ लागले. सालाझार यांनी गैरवर्तनाचे आरोप नाकारले. मात्र त्या पथकातल्या आणखी काही माजी खेळाडूंनी वजनावरून होणाऱ्या बोलण्याचे असेच अनुभव सांगितले. मेरीने पुढे कोर्टात दावा केला आणि 2023 मध्ये तो तडजोडीने मिटला.

असे बोलणारा प्रत्येक कोच दुष्ट असतो असे नाही. वजन उतरले की सुरुवातीला काही मुलींची वेळ खरोखर सुधारते. कोचला वाटते आपले बरोबर आहे, मुलीलाही तेच वाटते. पण खर्च होणाऱ्या शक्तीइतके अन्न पोटात गेले नाही, तर शरीर काटकसर सुरू करते. मेंदू पाळीशी संबंधित संप्रेरके कमी करतो, पाळी थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. किशोरवय हेच हाडे भरण्याचे वय असल्यामुळे हे नुकसान पुढे सहज भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केले आहे. ‘सराव जोरात आहे म्हणून पाळी येत नाही, चालायचेच’ असे कोणी म्हणाले, तर ते मानू नका.

याची एक खूण आपल्या घरात आईला इतरांपेक्षा लवकर दिसू शकते. पाळीच्या दिवसांत मुलीला नमाज माफ असते आणि रमजानमधले सुटलेले रोजे नंतर कजा करावे लागतात. मुलगी तीन-तीन महिने एकही नमाज सोडत नसेल, रमजानचे सगळे रोजे सलग पुरे करत असेल, तर शाबासकी देण्याआधी तिला जवळ बसवून हळूच विचारा. इतर खुणाही आहेत: सर्वांसोबत जेवायला टाळणे, ‘बाहेर खाऊन आले’ असे रोज सांगणे, जेवण होताच बाथरूममध्ये जाणे, सतत थंडी वाजणे, केस गळणे, पुन्हा पुन्हा हाडाला तडा जाणे. नफल रोज्यांच्या आडूनही उपासमार लपवली जाऊ शकते.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. रोज रोजा आणि रात्रभर इबादत करणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शरीराच्या हक्काची आठवण करून दिली होती. इबादतीसाठी जे मान्य नाही, ते पदकासाठी कसे मान्य होईल? हजरत आयेशा (रजि.) प्रेषितांसोबत धावण्याची शर्यत लावत. एकदा त्या जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर त्या हरल्या, तेव्हा प्रेषितांनी त्यांच्या देहावर बोट ठेवले नाही. ही त्या शर्यतीची परतफेड, एवढेच हसत म्हणाले. कोचने आणि आपण घरच्यांनीही यातून शिकावे. कारण ‘जाडी झालीस, कोण पसंत करणार’ हे वाक्य मुलीने मैदानाआधी बहुधा घरातच ऐकलेले असते.

मग करायचे काय? कोचला भेटा आणि सरळ विचारा: वजन कोण करते, कशासाठी, आणि सर्वांसमोर करता का? किलोचा आकडा कोणी ठरवला, डॉक्टरांनी की तुम्ही? चांगला कोच या प्रश्नांनी रागावणार नाही. आहाराचा सल्ला आहारतज्ज्ञाचाच असावा. तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे जा. लपूनछपून उपाशी राहणे किंवा खाल्लेले उलटून टाकणे हा नखरा नाही, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचाराची लाज बाळगू नका. 14416 या सरकारी ‘टेली मानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे अनेक मुलींना खेळण्याची परवानगी मोठ्या मिनतवारीने मिळालेली असते. त्रास सांगितला तर अब्बा खेळच बंद करतील, या भीतीने त्या गप्प राहतात, आणि चुकीच्या कोचला हेच गप्प राहणे सोयीचे पडते. म्हणून मुलीला आजच सांगून ठेवा: ‘बेटी, काही झाले तर आम्हांला सांग. गरज पडली तर कोच बदलू, तुझा खेळ बंद करणार नाही.’ आणि डॉक्टर विश्रांती सांगतील तेवढेच दिवस थांबवून, हा शब्द पाळा.