हिमनदीच्या दफ्तरातील हरवलेली वर्षे

१/९
इतिहासाची साधने म्हटली की बखरी, शकावल्या, ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. बर्फात रोवलेल्या खांबांच्या नोंदवह्या सहसा कुणाला आठवत नाहीत. मध्य आशियातील अब्रामोव हिमनदीची हकीकत वाचली, की त्याही दफ्तरखान्यात जपून ठेवाव्यात अशाच आहेत, हे पटते.

२/९
ही हिमनदी किर्गिझस्तानात, पामीर-अलाय पर्वतरांगेत आहे. तिचे पाणी वख्श नदीवाटे अमूदर्याला मिळते. खालचा मुलूख कोरडा. उन्हाळ्यात पाऊस नाममात्र. हिवाळ्यात पडलेले हिम वितळून सरले, की ऐन उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नद्यांना मोठा आधार उरतो तो हिमनद्यांचा.

३/९
हिमनदीचा ताळेबंद मांडण्याची रीत साधी, पण कष्टाची आहे. खालच्या भागात बर्फाला खोल छिद्रे पाडून खांब रोवतात. उन्हाळा सरल्यावर खांब किती उघडा पडला, यावरून झीज कळते. वरच्या भागात खड्डे खणून साठलेल्या हिमाची जाडी व घनता मोजतात. जमेतून खर्च वजा केला, की वर्षाची शिल्लक किंवा तूट हाती येते.

४/९
सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अब्रामोववर १९६७-६८ पासून हा हिशेब दरवर्षी ठेवला. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, तरी नोंदी चालू राहिल्या. १९९९ साली त्या भागात सशस्त्र संघर्ष पेटला, संशोधन केंद्र उद्ध्वस्त झाले आणि वही मिटली. ती पुन्हा उघडली २०११ मध्ये, आंतरराष्ट्रीय सहकार्यातून.

५/९
यावर आक्षेप येतो : उपग्रह असताना खांब कशाला? आक्षेपात तथ्य आहे. शीतयुद्धातील अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेरउपग्रहांची छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. त्यांतून हिमनद्यांची जुनी उंची काढता येते आणि आजच्या उंचीशी ताडून पाहता येते. हेरगिरीचे कागद विज्ञानाच्या कामी आले, हा इतिहासाचा एक गमतीदार न्यायच.

६/९
पण दोन चित्रांच्या तुलनेतून मिळते ती मधल्या काळाची एकूण तूट. कोणत्या वर्षी हिम कमी पडले आणि कोणत्या वर्षी उन्हाळा कडक गेला, हे त्यातून उलगडत नाही. हवामानाच्या नोंदींवरून त्या वर्षांची पुनर्रचना होते, मात्र ते अनुमान असते. खजिना किती रिता झाला एवढे कळावे आणि रोजकीर्द गहाळ असावी, तशी ही अवस्था.

७/९
रोजकीर्दीचे महत्त्व पाण्यासाठी आहे. हिमनदी आटू लागली की आरंभी नदीचे पाणी वाढते. बर्फ पुरेसा उरला नाही, की ते घटू लागते. वाढीच्या काळात भरून वाहणारे पाट पाहून सुबत्तेचा भास होतो, प्रत्यक्षात ठेव मोडून खर्च चाललेला असतो. अरल समुद्र मुख्यत्वे सिंचनासाठी नद्या वळवल्याने आटला. तेथे माणसाचा हात उघड दिसत होता. ही तूट मात्र मोजल्यावाचून दिसत नाही. वख्शवर ३०० मीटर उंचीचे नुरेक धरण आहे. वरच्या देशांना हिवाळ्यात वीज हवी, खालच्यांना उन्हाळ्यात पाणी. अशा वाटपाला विश्वासार्ह आकडे नसतील, तर वाद कशाच्या आधारे मिटवायचा?

८/९
खंड पडायला बंदूकच लागते असे नाही. आपल्या लाहौलमधील छोटा शिगरी हिमनदीची मोजणी १९८७ ते १९८९ या काळात झाली. सलग मोजणी सुरू झाली ती २००२ पासून. मधल्या वर्षांचे पान तिथेही कोरेच आहे.

९/९
म्हणून माझे मत स्पष्ट आहे : अशा मोजणीला दोन-तीन वर्षांचा प्रकल्प समजू नये. अभिलेखागारासारखी तिला कायमची तरतूद हवी, आणि देशांचे संबंध बिघडले तरी खांब वाचायला माणूस वर जाईल अशी हमी हवी. फाटलेली बखर कधीकधी दुसऱ्या प्रतीवरून पुरी करता येते. न वाचलेल्या खांबाची दुसरी प्रत कुठेच नसते.